उघडी वही

माणसांप्रमाणे शब्दांच्याही कुंडल्या मांडता आल्या असत्या, तर 'डॅशबोर्ड' या शब्दाच्या कुंडलीत राजयोग खचित सापडला असता. मूळचा हा शब्द घोडागाडीचा. धावत्या घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल आत बसलेल्या मंडळींच्या अंगावर येऊ नये म्हणून गाडीच्या पुढील बाजूस जी लाकडाची किंवा चामड्याची आडवी फळी बसवीत, तिचे हे नाव. पुढे घोडा गेला आणि मोटार आली. चिखल उडविणारे पुढे कोणी उरले नाही, तरी फळी मात्र राहिली. आणि रिकामी जागा वाया कशास दवडा, म्हणून तिच्यावर वेगाचे, तेलाचे व पाण्याचे काटे येऊन बसले. आता तर मोटारीचेही तिला अगत्य उरलेले नाही. दुकानदारापासून जिल्हाधिकाऱ्यापर्यंत सर्वांच्या मेजावरील संगणकाच्या काचेवर ती विराजमान झाली आहे. चिखल अडविणाऱ्या फळीने हिशेब दाखविणाऱ्या फलकाची पदवी मिळविली, याबद्दल तिचे अभिनंदन करावयास आमची हरकत नाही. मात्र पदवी मिळाली म्हणून जुना स्वभाव सुटतोच असे नाही. गाडीत बसलेल्या माणसास रस्ता दाखविणे हे या फळीचे आजचे काम आहे, की त्यास चिखल दिसू न देणे हे तिचे जुनेच काम ती नव्या वेषात करीत आहे, हा प्रश्न आम्हांस अलीकडे एका प्रकरणाने विचारावयास लावला. ते प्रकरण लहान आहे. परंतु त्यातील प्रश्न लहान नाही, असे वाटल्यावरून ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

ज्यांचा जन्म महाविद्यालयात इंग्रजी वाङ्मय शिकविण्यात गेला, त्यांनी जाहिरातींच्या जमाखर्चात तोंड घालावे, हा अव्यापारेषु व्यापार होय, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर एवढेच की, आमचे विद्यार्थी आता जेथे पोट भरतात तेथे आमचे लक्ष आपोआप जाते. आमचे शहर पूर्वी हिमरूच्या मागांसाठी प्रसिद्ध होते; पुढे चिकलठाण्याच्या व वाळूजच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध झाले. आता उस्मानपुऱ्यात व सिडकोत दोन-दोन खोल्यांच्या जागेत चार तरुण आणि चार संगणक मिळून एक नवाच कारखाना चालवितात. तेथे धूर निघत नाही व भोंगाही वाजत नाही. कोणी मनुष्य आपल्या अडचणीचे दोन शब्द गूगलच्या चौकटीत लिहितो, तेव्हा उत्तरांच्या यादीत आपल्या अशिलाचे नाव वर यावे, अशी व्यवस्था करणे हा त्या कारखान्याचा माल.

ही व्यवस्था दोन प्रकारची असते. एक पुण्याईची, दुसरी पैशाची. पहिल्या प्रकारात संकेतस्थळ इतके नीट, उपयुक्त व विश्वासाचे करावयाचे की शोधयंत्राने त्यास आपण होऊन वर घ्यावे. यास महिने लागतात. दुसऱ्या प्रकारात शब्दांचा लिलाव चालतो. 'दंतवैद्य', 'शिकवणी', 'भाड्याची मोटार' असा शब्द कोणी लिहिला रे लिहिला की त्याच क्षणी बोली लागते, आणि जिंकणाऱ्याची जाहिरात वर येते. तिच्यावर वाचकाने बोट ठेवले तरच पैसे पडतात. नुसती पाहिली तर नाही. गूगलने शोधजाहिरातींचा बाजार २००० साली मांडला, आणि आज गल्लीतील शिंप्यालाही त्यात गाळा घेता येतो. वर्तमानपत्रातील जाहिरातीचे फळ किती मिळाले हे आमच्या वडिलांच्या पिढीतील व्यापाऱ्यास कधीच नेमके कळत नसे. येथे प्रत्येक बोटाची नोंद होते. नोंद होते म्हणून हिशेब मागता येतो, आणि हिशेब मागता येतो म्हणून तो देणाऱ्याची एक नवी विद्या निर्माण झाली आहे.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याने ही विद्या साध्य केली आहे. पूर्वी तो प्रत्येक महिन्याच्या अखेरीस अशिलास दहा-बारा पानांचा अहवाल धाडीत असे. अहवाल पोहोचेतो महिना शिळा होई, आणि अशील पहिले पान पाहून बाकीची पाने न उलटता ठेवून देई. मग त्याने जिवंत फलक बांधण्यास आरंभ केला. गूगलने २०१६ साली 'डेटा स्टुडिओ' नावाचे एक साधन काढले. २०२२ साली त्याचे 'लुकर स्टुडिओ' असे नामकरण झाले, म्हणजे नामांतराचे वारे केवळ आमच्याच शहरावरून गेले असे नाही. या साधनाची युक्ती अशी की, जाहिरातींचा हिशेब एका ठिकाणी, संकेतस्थळावर येणाऱ्यांची मोजदाद दुसऱ्या ठिकाणी आणि शोधयंत्रातील क्रमांक तिसऱ्या ठिकाणी असला, तरी तिन्ही विहिरींचे पाणी पाटांनी एका हौदात आणून सोडावे. अशिलास एक दुवा द्यावयाचा. त्याने तो हवा तेव्हा उघडावा आणि आकडे जेथवर आले असतील तेथवर पाहावे. चढ असेल तेथे हिरवा बाण, उतार असेल तेथे तांबडा.

ही कल्पना आम्हांस प्रथमदर्शनीच आवडली, आणि तिचे कारण आमच्या प्रांताच्या इतिहासात आहे. रोजकीर्द, खतावणी व ताळेबंद हे शब्द आपल्याकडे कालचे नव्हेत. वही लिहिण्याची कला आपल्या लोकांस अवगत होती. नव्हती ती वही दाखविण्याची रीत. वही सावकाराच्या गादीखाली आणि अंगठा कुणब्याचा, अशी ती वाटणी होती. तिचा शेवट काय झाला हे सर्वविदित आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले, आणि हा वणवा पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. त्या दंग्यांत लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, लोकांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या कागदांवर होता. खते व दस्तऐवज हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. जो कागद आपणांस वाचता येत नाही आणि जो आपल्याविरुद्ध बोलतो, त्याचे दुसरे काय करावे हे त्यांस कोणी शिकविले नव्हते. पुढे १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा केला, त्यात ऋणकोस पैसे भरल्याची लेखी पावती मिळण्याचा, वर्षाचे हिशेबपत्रक मागण्याचा व खातेपुस्तक मागण्याचा हक्क देण्यात आला. आमचा मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्यामुळे त्या कायद्याची सावली येथवर पडली नाही. पण त्यातील तत्त्व कोणत्याही सरहद्दीत मावण्यासारखे नव्हते. ते तत्त्व असे की, ज्याच्या पैशाचा हिशेब आहे त्यास तो पाहण्याचा अधिकार आहे.

तेव्हा अशिलाच्या हाती चोवीस तास उघडी वही देणारा फलक पाहून आम्हांस वाटले की, दीडशे वर्षांपूर्वी कायद्याने जे रडतखडत दिले ते या पोराने आपखुशीने दिले. परंतु वही उघडी असणे आणि ती वाचता येणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे आम्हांस पुढील प्रकरणाने दिसले.

या विद्यार्थ्याचे एक अशील बीड बायपासच्या रस्त्यावरील एका मंगल कार्यालयाचे मालक आहेत. गृहस्थ मूळचे शेतकरी. रस्त्यालगतच्या जमिनीचा तुकडा विकून व बँकेचे कर्ज काढून त्यांनी हे कार्यालय उभारले. त्या रस्त्यावर कार्यालये आणि लॉन्स यांची इतकी गर्दी आहे की पाटीच्या भरवशावर बसणे म्हणजे उपाशी बसणे. यास्तव त्यांनी शोधजाहिरातींचा मार्ग धरला. फलक मिळाल्यापासून त्यांचा दिनक्रमच बदलला. सकाळी चहाचा पेला हाती घेतला की चष्मा लावून प्रथम फलक उघडावयाचा, आणि बाण हिरवा दिसला की मगच पेला तोंडास लावावयाचा. पंचांगात दिनशुद्धी पाहणाऱ्यांच्या श्रद्धेहून ही श्रद्धा तिळभरही उणी नव्हती. फलकावर सर्वांत ठळक आकडा होता तो आलेल्या फोनांचा, आणि तो महिन्यामागून महिना चढत होता.

घरातील फोन घेण्याचे काम सूनबाईंकडे होते. त्यांनी कोणाच्या सांगण्यावाचून एक साधी दोनशे पानी वही घातली होती. फोन कोणाचा, कोठून, कोणती तारीख हवी, पुढे काय ठरले, एवढेच तीत असे. एके दिवशी आमचा विद्यार्थी नव्या मोसमाचे जाहिरातींचे मान ठरविण्यास तेथे गेला असता सूनबाईंनी वही त्याच्यापुढे ठेवून विचारले, "दादा, हे बिहारवाले फोनही तुमच्या हिरव्या आकड्यात धरले आहेत का?"

विद्यार्थ्याने वही पाहिली. एका पानावर नऊ फोन होते आणि त्यांतील चारांपुढे 'बिहार' असे लिहिलेले होते.

उलगडा असा. बिहार प्रांतातही एक औरंगाबाद आहे. जिल्ह्याचे ठिकाण असून त्या जिल्ह्यातील देव या गावचे सूर्यमंदिर छठपूजेसाठी प्रसिद्ध आहे. आमच्या शहराचे नाव २०२३ साली बदलले, तरी लोकांच्या बोटांस लागलेली सवय राजपत्राने बदलत नाही. त्यामुळे जाहिरात देणाऱ्यास जुने व नवे अशी दोन्ही नावे विकत घ्यावी लागतात. जुन्या नावाबरोबर हा जुळा भाऊ फुकट येतो. त्यातही जाहिरातीच्या यंत्रात एक खोच आहे. जाहिरात कोणत्या गावात दाखवावी हे सांगताना यंत्र मुळात असे गृहीत धरते की, त्या गावात असलेल्यांसच नव्हे, तर त्या गावाविषयी ज्यांनी आस्था दाखविली त्यांसही ती दाखवावयाची. पर्यटनाच्या धंद्यास हे ठीक आहे; वेरूळ पाहू इच्छिणारा मनुष्य घरी कोलकात्यासच असावयाचा. पण मंगल कार्यालय शोधणारा बिहारी वधूपिता आमच्या शहराविषयी आस्था दाखवीत नव्हता. तो आपल्याच गावाचे नाव लिहीत होता. ही खूण काढून टाकावयाची असते, ती या कामात राहून गेली होती.

आणि यापुढील गोष्ट ऐकून आम्हांस हसावे की रडावे हे समजेना. एक मिनिटाहून अधिक काळ चाललेला फोन खऱ्या गिऱ्हाइकाचा, असा फलकाचा हिशेब होता. चुकीचे फोन सहसा अर्ध्या मिनिटात संपतात, म्हणून हा नियम. परंतु कोणते औरंगाबाद, बायपास कोणता, रेल्वे स्टेशनापासून किती दूर, येथे भाषा कोणती, हा सारा घोळ दोन सभ्य कुटुंबांनी एकमेकांस समजावून सांगावयाचा म्हणजे मिनिट सहजच उलटून जाई. गैरसमज जितका खोल तितका फोन लांब, आणि फोन जितका लांब तितका बाण हिरवा!

विद्यार्थी त्याच संध्याकाळी आमच्याकडे आला. खूण त्याने तत्काळ बदलली होती. प्रश्न तो नव्हता. "सर, उद्यापासून फोन कमी होतील आणि बाण तांबडा होईल. मी फोनांचा आकडा दुसऱ्या पानावर नेला आणि पहिल्या पानावर जाहिरात किती जणांनी पाहिली तो ठेवला, तर काकांच्या लक्षातही येणार नाही. आकडा एकही खोटा नसेल." एवढे बोलून तो गप्प राहिला. ज्याच्या तोंडून असे वाक्य निघते आणि निघाल्यावर जो गप्प राहतो, त्यास उपदेशाची गरज फारशी नसते.

त्याच्या या वाक्यात नव्या हिशेबविद्येचे सारे मर्म आहे. जुन्या सावकारास फसवावयाचे तर शंभराचे दोनशे लिहावे लागत; कधीतरी ते उघडकीस येण्याची भीती असे. जिवंत फलकावर खोटा आकडा लिहिण्याची सोयच नाही आणि गरजही नाही. खऱ्या आकड्यांतून सोयीचे निवडले, जिल्हावार फोड न दाखविता बेरीज दाखविली, तुलनेसाठी वाईट महिना शोधला, की सत्याच्याच हातून असत्याचे काम करून घेता येते. फळी तीच, चिखल अडविला जातो, आणि गाडीत बसलेल्यास वाटते की रस्ता कोरडा आहे.

आम्ही त्यास एवढेच विचारले की, काकांस या फलकावरील किती शब्द कळतात? तो म्हणाला, "बाण कळतो." शब्द सारे इंग्रजी होते. तेव्हा आम्ही दोघांनी बसून त्यांचे मराठी करावयास घेतले, आणि आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनात भाषांतराने इतका बोध आम्हांस क्वचितच झाला असेल. 'इम्प्रेशन' म्हणजे ठसा. पण येथे कोणाच्या मनावर काही ठसले असे नव्हे, डोळ्यांसमोरून गेले एवढेच. म्हणून लिहिले: 'जाहिरात किती वेळा दिसली'. 'क्लिक' यास लिहिले: 'किती वेळा दार उघडले'. 'कन्व्हर्शन' या शब्दाशी आम्ही अडलो. कोशातला सरळ अर्थ धर्मांतर. आणि व्यवहारात ज्यास ते म्हणत होते तो तर केवळ एक मिनिटाचा फोन. इंग्रजीत तो शब्द भारदस्त वाटून खपून जात होता. मराठीत त्याचे तीन तुकडे करावे लागले: 'किती फोन आले', 'त्यांतील आपल्या परिसरातले किती', आणि 'किती तारखा ठरल्या'. तिसरा तुकडा लिहिताच कळले की, मालकांस पाहिजे असलेली एकच गोष्ट फलकावर मुळीच नव्हती. कारण ठरलेल्या तारखांची खबर यंत्रास नसते. ती सूनबाईंच्या वहीत असते.

मग ती वहीच फलकास जोडली. सूनबाई आता रोज सायंकाळी वहीतील नोंद संगणकाच्या तक्त्यात उतरवितात, आणि तो तक्ता चौथी विहीर होऊन हौदास मिळाला आहे. शोधयंत्राच्या कारखान्यांनी जी माहिती पुरविली नाही ती घरातील एका डोळस बाईने पुरविली, ही गोष्ट आम्हांस या प्रकरणात सर्वांत महत्त्वाची वाटते.

'जिवंत' या विशेषणाविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. अशिलास वाटते, आपण पाहतो तो या क्षणीचा आकडा. वस्तुतः तसे नसते. असल्या फलकांत तक्त्यातील नोंद पंधरा मिनिटांत येते, पण संकेतस्थळाच्या मोजणीचा आकडा नेहमीच्या व्यवस्थेत बारा-बारा तास जुना असू शकतो. शोधयंत्रातील क्रमांकांचे आकडे पक्के होण्यास दोन-तीन दिवस लागतात. जाहिरातीचे तर आणखीच निराळे. आज बोट ठेवले आणि वीस दिवसांनी फोन केला, तर फळ आजच्या दिवसाच्या खाती जमा होते. ही मुदत सामान्यतः ३० दिवसांची असते. म्हणजे कालचा आकडा महिनाभर वाढतच असतो, आणि अलीकडचे दिवस नेहमीच पूर्वीच्या दिवसांहून दुबळे दिसतात. हे ज्यास ठाऊक नाही तो रोज सकाळी कालच्या दिवसाचे सुतक पाळतो. पेरलेले बी रोज उकरून पाहणाऱ्यास आपले शेतकरी लोक काय म्हणतात हे सांगावयास नको. आमच्या या काकांनी जन्मभर शेती करूनही फलकापुढे ते शहाणपण गमावले होते.

तुलनेच्या बाबतीत तर पंचांगच आडवे येते. 'गेल्या वर्षी याच काळात' अशी तुलना फलक इंग्रजी महिन्यांनी करतो. लग्ने इंग्रजी महिन्यांनी लागत नाहीत. २०२६ सालच्या पंचांगात ज्येष्ठ अधिक असून तो १७ मे ते १५ जून असा आहे. अधिक मासात मुहूर्त नाहीत. तेव्हा त्या काळाची तुलना २०२५ च्या मे-जूनशी केली तर अधिक मासात आकडे उणे दिसणार, आणि त्यात जाहिरातीचा, कार्यालयाचा किंवा वधूवरांचा काडीचाही दोष असणार नाही. आमच्या विद्यार्थ्याने आता फलकाच्या कडेला मुहूर्तांची यादी लावली आहे. परदेशी साधनास दाते पंचांग जोडण्याचा हा प्रकार विनोदी वाटेल. पण आकड्यास अर्थ येतो तो अशाच जोडणीने.

आणखी एक गाठ सोडवावयाची होती. कार्यालयाच्या स्वतःच्या नावावरही जाहिरात लावलेली होती, आणि तिचे फळ कागदावर उत्तम दिसत होते. परंतु कार्यालयाचे नाव लिहून शोधणारा कोण? बहुधा ज्याच्या हाती लग्नपत्रिका पडली आहे आणि ज्यास रस्ता हवा आहे असा पाहुणा. आधीच ठरलेल्या लग्नास निघालेल्या वऱ्हाडाच्या प्रत्येक बोटाचे पैसे यजमान नव्हे, कार्यालयवाले भरीत होते! ही शंका काही आमच्याच गावची नव्हे. ईबे या प्रचंड व्यापारपेठेने २०१२ साली आपल्याच नावावरील शोधजाहिराती बंद करून पाहिल्या. तेव्हा जाहिरातीवाटे येणारे जवळजवळ सर्व लोक खालच्या फुकट दुव्यावरून तसेच आत आले. ब्लेक, नॉस्को आणि टॅडेलिस या तिघांनी त्या प्रयोगाचा सविस्तर निबंध २०१५ साली 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात छापला. प्रतिस्पर्धी आपल्या नावावर बोली लावीत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून नियम सरसकट करता येत नाही. पण दार कोणी उघडले एवढे मोजणे पुरेसे नाही. आपण हाक मारली नसती तरी तो आलाच असता काय, हेही विचारावे लागते, एवढा धडा त्यातून खास मिळतो. त्याप्रमाणे ती जाहिरात येथेही एक महिना थांबविण्यात आली. वऱ्हाडी वाट चुकल्याचे ऐकिवात नाही.

आता या साऱ्याचे पर्यवसान सांगतो. नवा मराठी फलक घेऊन विद्यार्थी स्वतः कार्यालयात गेला व बिहारच्या फोनांची हकीकत त्याने मालकांस त्यांच्या सूनबाईंसमक्ष सांगितली. काका रागावले. रागावण्याचे त्यांस कारणही होते. कर्जाचा हप्ता चढता बाण पाहून ठरविलेल्या आशेवर उभा होता. "म्हणजे मी सहा महिने दुसऱ्याच्या गावचे लग्न पाहून पेढे वाटले?" असे ते म्हणाले. जाहिरातीत गेलेला पैसा परत येण्यासारखा नव्हता. विद्यार्थ्याने आपल्या मेहनतान्यातील त्या महिन्यांची रक्कम हप्त्यांनी परत करण्याचे कबूल केले; त्या हप्त्यांसाठी त्याला हाताखालच्या एका मुलाची नेमणूक पुढे ढकलावी लागली. वर्षाचा करार तुटला. त्याऐवजी तीन-तीन महिन्यांची बोली झाली, आणि दर वेळी सूनबाईंची वही व फलक शेजारी ठेवून मगच पुढील शब्द बोलावयाचा असे ठरले. सत्य सांगितल्याबरोबर त्याचे भले झाले, अशी बोधकथा आम्हांस लिहिता आली असती. पण तसे घडले नाही. त्याचे नुकसान झाले, आणि ते नुकसान त्याने पत्करले, एवढेच घडले. त्याने आपल्या इतर अशिलांचे फलकही त्याच आठवड्यात तपासले, हे मात्र त्याच्या बाजूस लिहून ठेवावयास हवे.

हा रोग जाहिरातीच्या धंद्यापुरता आहे असे समजून आमच्यासारख्यांनी सोवळे राहण्याचे कारण नाही. १९७५ साली चार्ल्स गुडहार्ट या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक विचार मांडला, तो आता त्याच्या नावाने नियम म्हणून ओळखला जातो. त्याचा भावार्थ असा की, एखादे माप हेच साध्य होऊन बसले म्हणजे ते चांगले माप राहत नाही. महाविद्यालयात उपस्थितीची टक्केवारी मोजली जाते; मुलगा वर्गात असतो, पण ऐकत असतोच असे नाही. व्याख्याने मोजली जातात, निबंध मोजले जातात, परिषदा मोजल्या जातात. मूल्यमापनाची समिती यावयाची असली म्हणजे आकडे कसे गोळा होतात हे महाविद्यालयात वावरणाऱ्या कोणासही सांगावयास नको. त्यांत खोटा आकडा एखादेही वेळ नसेल. परंतु सूनबाईंचा प्रश्न तेथे विचारणारे कोणी असते काय? विद्यार्थ्याच्या एक मिनिटाहून लांबलेल्या उपस्थितीत खरे शिक्षण किती आणि दोन औरंगाबादांचा घोळ किती, याची वही कोणी ठेवली आहे?

यावरून आकडेच नकोत असा निष्कर्ष कोणी काढील तर तो आमचा नव्हे. वही गादीखाली असण्यापेक्षा ती उघडी असणे केव्हाही श्रेयस्कर, आणि जिवंत फलकाने लहान व्यापाऱ्याच्या हाती जो अधिकार दिला तो त्याच्या आजोबास मिळाला असता तर कित्येक खतांची होळी टळली असती. आमचे म्हणणे इतकेच की, उघड्या वहीबरोबर तीन गोष्टी दिल्या पाहिजेत. पहिली, वही वाचणाऱ्याच्या भाषेत असावी. दुसरी, बेरजेच्या शेजारी तिची फोड असावी, आणि ती पहिल्याच पानावर असावी. तिसरी, यंत्राने केलेल्या मोजणीस माणसाने ठेवलेली दुसरी एखादी नोंद पडताळ्यास असावी, मग ती दोनशे पानी वही का असेना. या तिन्हींपैकी एकीसही मोठे भांडवल लागत नाही. लागते ती तांबडा बाण दाखविण्याची तयारी, आणि तांबडा बाण पाहूनही दाखविणाऱ्यास दाराबाहेर न काढण्याची तयारी. पहिली हिशेब देणाऱ्याच्या अंगी असावी लागते, दुसरी घेणाऱ्याच्या. आणि दोन्ही एकाच वेळी एका खोलीत जमणे हे, आमच्या अनुभवात, उत्तम मुहूर्ताहूनही दुर्मिळ आहे.